प्रेझेंट परफेक्टसोबतची क्रियाविशेषणं: 'जस्ट', 'ऑलरेडी', 'येट', 'सिन्स' कुठे आणि कधी?

समासचिन्ह

इंग्रजीतल्या पूर्ण वर्तमानकाळाची रचना सगळ्यांना पाठ असते: 'हॅव' किंवा 'हॅज' आणि पुढे क्रियापदाचं तिसरं रूप. तरीही वाक्य चुकतं आणि बहुतेक वेळा ते सोबतच्या क्रियाविशेषणापाशी चुकतं. एकतर या काळाला न चालणारा शब्द जोडला जातो, नाहीतर चालणारा शब्द भलत्या जागी बसतो. या धाग्यात या दोन्ही गोष्टी नीट मांडून ठेवूया.

आधी चुकीचं मूळ. मराठीत 'मी काल अर्ज दिला आहे' हे निर्दोष वाक्य आहे. 'दिला आहे' या रूपाला 'काल', 'गेल्या सोमवारी', 'दोन वर्षांपूर्वी' असं काहीही चालतं. म्हणून 'आय हॅव सबमिटेड द ॲप्लिकेशन यस्टरडे' असं वाक्य सहज तोंडी येतं. इंग्रजीत ते चूक आहे. इंग्रजीचा हा काळ अशा कालखंडाबद्दल बोलतो जो आत्ताच्या क्षणापर्यंत येऊन पोचतो. 'यस्टरडे' हा खंड रात्री बंद झाला. बंद झालेल्या वेळेचं नाव वाक्यात आलं की काळ साधा भूतकाळच: 'आय सबमिटेड द ॲप्लिकेशन यस्टरडे.'

म्हणून माझं म्हणणं असं, की क्रियापदाचं रूप ठरवण्याआधी क्रियाविशेषण बघावं. 'यस्टरडे', 'लास्ट वीक', 'टू डेज अगो', 'इन 2019', 'ॲट फाइव्ह ओक्लॉक', 'व्हेन आय वॉज अ चाइल्ड' यांपैकी काही असेल तर 'हॅव' बाजूला ठेवायचं. प्रश्नातला 'व्हेन' सुद्धा याच गटात येतो. 'तुम्ही कधी आला आहात?' याचं 'व्हेन हॅव यू कम?' होत नाही, 'व्हेन डिड यू कम?' होतं.

याच्या उलट 'जस्ट', 'ऑलरेडी', 'येट', 'एव्हर', 'नेव्हर', 'सो फार', 'लेटली', 'सिन्स' हे शब्द आत्तापर्यंत पोचणाऱ्या खंडाशी जुळतात. मात्र प्रत्येकाची जागा आणि स्वभाव वेगळा आहे. एकेक शब्द घेऊन लिहा.

निळी_शाई

जागेपासून सुरुवात करते, कारण लिखाणात तीच जास्त चुकते.

'जस्ट', 'ऑलरेडी', 'एव्हर', 'नेव्हर', 'ऑलवेज', 'ऑफन', 'फायनली', 'प्रॉबेब्ली' हे शब्द 'हॅव' आणि तिसरं रूप यांच्या मध्ये बसतात. 'शी हॅज जस्ट लेफ्ट.' 'वी हॅव ऑलवेज सपोर्टेड धिस प्लॅन.' 'दे हॅव फायनली अग्रीड.' प्रश्नात कर्ता मध्ये आला की शब्द कर्त्याच्या नंतर जातो: 'हॅव यू एव्हर ड्रिव्हन अ ट्रक?'

दोन सहायक क्रियापदं असतील तर पहिल्याच्या लगेच नंतर. 'द लेटर हॅज ऑलरेडी बीन सेंट' हे ठीक. 'हॅज बीन ऑलरेडी सेंट' ऐकायला येतं, पण अडखळतं. रीतिवाचक, म्हणजे क्रिया कशी झाली हे सांगणारं क्रियाविशेषण मात्र 'बीन'च्या पलीकडे, थेट तिसऱ्या रूपाला चिकटतं: 'द ब्रिज हॅज बीन बॅडली डॅमेज्ड.' दोन्ही एकाच वाक्यात आले तर कालवाचक आधी आणि रीतिवाचक नंतर: 'द कोड हॅज रिसेंटली बीन कम्प्लीटली रीरिटन.'

क्रियापद आणि कर्म यांच्या मध्ये काहीही घालायचं नाही. 'आय हॅव फिनिश्ड ऑलरेडी द रिपोर्ट' चूक. 'आय हॅव ऑलरेडी फिनिश्ड द रिपोर्ट' किंवा 'आय हॅव फिनिश्ड द रिपोर्ट ऑलरेडी' म्हणा. मराठीत कर्म क्रियापदाच्या आधी येतं आणि क्रियाविशेषण मागेपुढे सरकवता येतं, त्यामुळे इंग्रजीतली ही बंदी आपल्याला जाणवत नाही.

अर्धविराम

निळी_शाई, एक भर. छोट्या उत्तरात, जिथे तिसरं रूप गाळलेलं असतं, तिथे क्रम उलटतो. 'हॅव यू पेड द बिल?' याला 'येस, आय ऑलरेडी हॅव.' 'हॅव यू एव्हर सीन इट?' याला 'नो, आय नेव्हर हॅव.' इथे 'हॅव'वर जोर येतो आणि जोर असलेल्या सहायक क्रियापदाच्या आधी क्रियाविशेषण बसतं. 'नो, आय हॅव नेव्हर' हे अर्धवट तुटलेलं वाटतं.

कोरी_पाटी

'अजून' या शब्दाला इंग्रजीत 'येट' लावायचं की 'स्टिल'? 'तो अजून आला नाही' याची दोन्ही भाषांतरं दिसतात.

समासचिन्ह

दोन्ही बरोबर आहेत. जागा वेगळी आणि सूरही वेगळा.

'ही हॅझन्ट कम येट' ही साधी माहिती आहे. येणं अपेक्षित आहे, अजून झालेलं नाही, एवढंच. 'येट' वाक्याच्या शेवटी जातो. 'ही स्टिल हॅझन्ट कम' यात उशीर झाल्याची नाराजी किंवा आश्चर्य आहे. एव्हाना यायला हवा होता, असा सूर. 'स्टिल' नेहमी नकारार्थी सहायक क्रियापदाच्या आधी येतो. 'ही हॅझन्ट स्टिल कम' हे चूक आणि हीच चूक सर्वांत जास्त आढळते. ग्राहक सेवेला पत्र लिहिताना 'आय हॅवन्ट रिसीव्ह्ड द रिफंड येट' हे सौम्य, 'आय स्टिल हॅवन्ट रिसीव्ह्ड द रिफंड' हे तक्रारीचं. पहिल्या पत्रात पहिलं आणि स्मरणपत्रात दुसरं वापरलं तर सूर नेमका लागतो.

औपचारिक लिखाणात 'येट' मध्येही येतो, पण 'नॉट'ला चिकटून: 'वी हॅव नॉट येट रिसीव्ह्ड युअर रिप्लाय.' 'हॅवन्ट' असं जोडरूप घेतलं की 'येट' शेवटी नेलेला बरा. आणखी एक रचना शिकण्यासारखी आहे: 'दे हॅव येट टु रिप्लाय.' यात 'नॉट' नाही, तिसरं रूपही नाही, तरी अर्थ नकारार्थीच: त्यांचं उत्तर अजून यायचं आहे. 'दे हॅव नॉट येट टु रिप्लाय' अशी सरमिसळ करू नका.

साध्या होकारार्थी विधानात 'येट' चालत नाही. 'आय हॅव फिनिश्ड येट' असं वाक्य नाही. अपवाद सर्वोत्तमदर्शक रूपांचा: 'धिस इज देअर बेस्ट वर्क येट', म्हणजे आजवरचं सर्वोत्तम.

निळी_शाई

'येट' आणि 'ऑलरेडी' प्रश्नात वेगळं बोलतात, तेही इथेच नोंदवते. 'हॅव यू फिनिश्ड येट?' हा तटस्थ प्रश्न. झालं का? 'हॅव यू फिनिश्ड ऑलरेडी?' यात आश्चर्य. इतक्यात झालंसुद्धा? कुणी कामाला वेळ लावत असताना 'ऑलरेडी' वापरलं तर समोरच्याला ते खोचक वाटू शकतं.

नकारार्थी वाक्यात 'ऑलरेडी' सहसा नको. 'आय हॅवन्ट ऑलरेडी सीन इट' ऐवजी 'आय हॅवन्ट सीन इट येट'. एक ठरलेली रचना मात्र सगळीकडे भेटते आणि ती पूर्णपणे बरोबर आहे: 'इफ यू हॅवन्ट ऑलरेडी, प्लीज फिल इन द फॉर्म.' अटीच्या उपवाक्यात हे चालतं.

ताम्हण

'आत्ताच' या शब्दाचाही असाच घोळ आहे. 'मी आत्ताच आलो' याचं 'आय हॅव कम जस्ट नाऊ' असं सर्रास केलं जातं. 'जस्ट' एकटा असेल तर तो परफेक्टबरोबर जातो: 'आय हॅव जस्ट अराइव्ह्ड.' 'जस्ट नाऊ' म्हणजे 'क्षणभरापूर्वी', तो घडून गेलेल्या क्षणाकडे बोट दाखवतो, म्हणून साधा भूतकाळ: 'आय अराइव्ह्ड जस्ट नाऊ.' ब्रिटिश वापरात 'ओन्ली जस्ट'ही ऐकाल, 'आय हॅव ओन्ली जस्ट अराइव्ह्ड', म्हणजे अगदी या क्षणी.

कोरी_पाटी

पण अमेरिकन मालिकांमध्ये 'आय जस्ट एट', 'डिड यू ईट येट?', 'आय ऑलरेडी टोल्ड यू' हेच ऐकू येतं. मग ते चूक म्हणायचं का?

समासचिन्ह

चूक नाही. अमेरिकन इंग्रजीत 'जस्ट', 'ऑलरेडी', 'येट' यांच्याबरोबर साधा भूतकाळ रूढ आहे, विशेषतः बोलण्यात. परफेक्टही तिथे चालतोच. ब्रिटिश पद्धतीत अशा जागी परफेक्टला पसंती आहे. परीक्षा ब्रिटिश वळणाची असेल तर परफेक्ट लिहावा, तो दोन्हीकडे बरोबर ठरतो. मात्र या मोकळिकीचा उलटा अर्थ काढू नये. 'यस्टरडे'बरोबर परफेक्ट अमेरिकेतही चालत नाही.

अर्धविराम

आता 'सिन्स' आणि 'फॉर'. आपल्याकडच्या सर्वाधिक चुका या दोन शब्दांत आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

'मी 2015 पासून इथे काम करतोय' आणि 'मी पाच वर्षांपासून इथे काम करतोय' या दोन्ही वाक्यांत मराठी एकच 'पासून' वापरते आणि क्रियापदही वर्तमानकाळी ठेवते. इंग्रजीत दोन्ही गोष्टी बदलतात.

'सिन्स'नंतर आरंभबिंदू येतो: 2015, सोमवार, सकाळ, लग्न झाल्यापासून. 'फॉर'नंतर लांबी येते: पाच वर्षं, दोन तास, बराच काळ. आणि क्रियापद वर्तमानात न राहता परफेक्टमध्ये जातं. 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स 2015' चूक. 'आय हॅव बीन वर्किंग हिअर सिन्स 2015' बरोबर. 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स' हेही बरोबर. 'नो', 'हॅव', 'लाइक' यांसारख्या स्थितिदर्शक क्रियापदांना 'इंग' लागत नाही, तिथे साधा परफेक्ट: 'आय हॅव नोन हिम फॉर टेन इयर्स.' 'आय नो हिम सिन्स टेन इयर्स' या एका वाक्यात दोन चुका आहेत.

'सिन्स लास्ट टू मन्थ्स' हा प्रकार कार्यालयीन मेलमध्ये वारंवार दिसतो. 'द लास्ट टू मन्थ्स' ही लांबी आहे, बिंदू नव्हे. म्हणून 'फॉर द लास्ट टू मन्थ्स'. यातला 'द' गाळू नका. 'सिन्स लास्ट मन्थ' मात्र ठीक, कारण गेला महिना हा आरंभबिंदू धरता येतो. 'फ्रॉम'ही टाळा: 'आय हॅव बीन इल फ्रॉम मंडे' नव्हे, 'सिन्स मंडे'.

'सिन्स'पुढे पूर्ण उपवाक्य आलं तर त्यात बहुधा साधा भूतकाळ आणि मुख्य वाक्यात परफेक्ट: 'शी हॅज लिव्ह्ड अलोन सिन्स हर सन लेफ्ट.'

ताम्हण

अर्धविराम, 'फॉर' दिसला की परफेक्ट, असं शिकवणीत सांगतात. ते अर्धंच खरं आहे, हेही लिहायला हवं.

अर्धविराम

बरोबर. 'फॉर' फक्त लांबी सांगतो, ती आत्तापर्यंत पोचते का हे सांगत नाही. 'आय हॅव वर्क्ड देअर फॉर फाइव्ह इयर्स' म्हणजे नोकरी चालू आहे. 'आय वर्क्ड देअर फॉर फाइव्ह इयर्स' म्हणजे सोडली. बायोडेटात हा फरक महत्त्वाचा ठरतो. सोडलेल्या नोकरीला 'हॅव वर्क्ड' लिहिलं तर वाचणारा तुम्हाला अजून तिथेच समजेल. 'सिन्स' मात्र कालवाचक अर्थाने आला की मुख्य वाक्यात परफेक्ट जवळजवळ ठरलेलाच. ठळक अपवाद 'इट इज थ्री इयर्स सिन्स वी मेट' या रचनेचा. तिथेही 'इट हॅज बीन थ्री इयर्स' चालतंच.

दुपारची_शाळा

'टुडे', 'धिस मॉर्निंग', 'धिस वीक' यांचं काय? हे कुठल्या गटात?

निळी_शाई

ते घड्याळावर अवलंबून आहे. सकाळी अकराला 'आय हॅव हॅड थ्री कॉल्स धिस मॉर्निंग' म्हणता येतं, कारण सकाळ चालू आहे, चौथा कॉलही येऊ शकतो. दुपारी चारला तीच गोष्ट 'आय हॅड थ्री कॉल्स धिस मॉर्निंग' होते. 'धिस वीक', 'धिस इयर', 'टुडे' यांचा खंड बोलताना चालूच असतो, म्हणून परफेक्ट बसतो. पण 'टुडे' असूनही बोलणाऱ्याच्या मनात दिवसातला ठरावीक, संपलेला प्रसंग असेल तर साधा भूतकाळ येतो: 'आय मेट हर टुडे ॲट द बँक.'

आणखी एक जोडी: 'रिसेंटली' आणि 'लेटली'. 'रिसेंटली' एकदाच घडलेल्या गोष्टीला चालतो, परफेक्टमध्येही आणि साध्या भूतकाळातही: 'दे हॅव रिसेंटली मूव्ह्ड', 'दे मूव्ह्ड रिसेंटली'. 'लेटली' सध्या पुन्हापुन्हा घडणाऱ्या किंवा चालू राहिलेल्या गोष्टीसाठी: 'आय हॅवन्ट बीन स्लीपिंग वेल लेटली.' त्याची जागा सहसा शेवटी किंवा सुरुवातीला, मध्ये नाही. 'आय हॅव लेटली बॉट अ कार' हे म्हणूनच विचित्र लागतं. 'सो फार' ही बऱ्याचदा कडेला येतो: 'सो फार, नोबडी हॅज कम्प्लेन्ड.' त्यात पुढेही गोष्ट चालू राहील अशी अपेक्षा असते. 'अन्टिल नाऊ'मध्ये बऱ्याचदा 'आता चित्र बदललं' अशी सूचना असते. प्रकल्पाच्या अहवालात 'वी हॅव हॅड नो प्रॉब्लेम्स अन्टिल नाऊ' लिहिलं तर वाचणारा विचारेल, मग आता काय झालं?

दुपारची_शाळा

आणि 'कधी'? 'एव्हर' की 'व्हेन'?

समासचिन्ह

मराठी प्रश्नाच्या शेवटी 'का' लावून बघा. 'तू कधी विमानात बसला आहेस का?' यात कुठलीही वेळ विचारलेली नाही, आयुष्यात एकदा तरी असा अर्थ आहे, म्हणून 'हॅव यू एव्हर फ्लोन?' 'तू कधी आलास?' यात वेळ विचारली आहे, म्हणून 'व्हेन डिड यू अराइव्ह?' असा भूतकाळ.

'एव्हर' साध्या होकारार्थी विधानात येत नाही. 'आय हॅव एव्हर सीन स्नो' हे वाक्यच नाही. 'आय हॅव सीन स्नो बिफोर' किंवा 'वन्स' म्हणा. पण सर्वोत्तमदर्शक रूप आणि 'फर्स्ट', 'ओन्ली' यांच्यानंतर 'एव्हर' येतो: 'द टॉलेस्ट ट्री आय हॅव एव्हर सीन.' त्याच घरातली 'धिस इज द फर्स्ट टाइम' ही रचना. पुढे परफेक्टच: 'धिस इज द फर्स्ट टाइम आय हॅव फ्लोन.' मराठीत 'मी पहिल्यांदाच विमानात बसतोय' असा वर्तमानकाळ येतो, त्यामुळे 'आय ॲम फ्लाइंग' असं चुकून लिहिलं जातं.

'नेव्हर'मध्ये नकार आहेच, दुसरा 'नॉट' घालू नये. 'आय हॅवन्ट नेव्हर' प्रमाण इंग्रजीत चूक. 'आय हॅव नेव्हर' किंवा 'आय हॅवन्ट एव्हर'. 'नेव्हर' जोरासाठी वाक्याच्या आरंभी आणला तर प्रश्नासारखा क्रम येतो: 'नेव्हर हॅव आय सीन सच अ क्राउड.' 'रेअरली' आणि 'सेल्डम' यांनाही हेच लागू.

'बिफोर' आणि 'अगो' दोघांचंही मराठी 'पूर्वी' होतं, म्हणून तेही सांगतो. 'आय हॅव रेड धिस बिफोर' मध्ये वेळ मोघम आहे, परफेक्ट चालतो. 'आय रेड धिस टू इयर्स अगो' मध्ये मोजलेली वेळ आहे, भूतकाळच. 'आय हॅव रेड धिस टू इयर्स बिफोर' ही दोघांची खिचडी, ती टाळा.

ताम्हण

मेल लिहिणाऱ्यांसाठी एक उपाय. एका वाक्यात बातमी आणि तारीख दोन्ही द्यायची असेल तर वाक्य तोडा. 'आय हॅव ऑलरेडी सेंट द इनव्हॉइस. आय सेंट इट ऑन मंडे.' पहिल्या वाक्यात काम झाल्याचा आजचा परिणाम, दुसऱ्यात तारीख. बातम्याही याच क्रमाने लिहिल्या जातात: पहिलं वाक्य 'द मिनिस्टर हॅज रिझाइन्ड', तपशील 'ही हँडेड इन हिज लेटर लास्ट नाइट'. मराठीत 'मी सोमवारीच इनव्हॉइस पाठवलं आहे' असं एकाच वाक्यात भागतं, म्हणून इंग्रजीतही एकच वाक्य करायचा मोह होतो.

दुपारची_शाळा

सरावासाठी काही चुकीची वाक्यं देते. दुरुस्त करा.

'ही हॅज गॉन टु द डेंटिस्ट ट्वाइस धिस मन्थ ॲण्ड इज नाऊ ॲट होम.'
'आय ॲम वेटिंग सिन्स टू अवर्स.'
'हॅव यू येट पेड द फी?'
'द मीटिंग हॅज स्टार्टेड टेन मिनिट्स अगो.'
'शी डिडन्ट रिप्लाय सिन्स मंडे.'

कोरी_पाटी

दुसरं: 'आय हॅव बीन वेटिंग फॉर टू अवर्स.' तिसरं: 'हॅव यू पेड द फी येट?' चौथं: 'द मीटिंग स्टार्टेड टेन मिनिट्स अगो.' पाचवं: 'शी हॅझन्ट रिप्लाइड सिन्स मंडे.' पहिल्यात 'ट्वाइस' चुकीच्या जागी आहे का?

अर्धविराम

चारही बरोबर. पहिल्यात 'ट्वाइस' योग्य जागी आहे, नेमकं किती वेळा हे मोजून सांगणारे शब्द सहसा शेवटी येतात. 'धिस मन्थ' ही चालेल, महिना चालू आहे. चूक 'गॉन'मध्ये आहे. 'हॅज गॉन' म्हणजे गेला आहे आणि अजून परतलेला नाही. जाऊन आलेल्या माणसासाठी 'बीन' लागतं: 'ही हॅज बीन टु द डेंटिस्ट ट्वाइस धिस मन्थ.' म्हणून 'वन्स', 'ट्वाइस', 'एव्हर', 'नेव्हर', 'बिफोर' यांच्या सोबतीला बहुतेक वेळा 'बीन' असतं. 'जस्ट' दोन्हींबरोबर जातो आणि अर्थ उलटतो: 'शी हॅज जस्ट गॉन टु द बँक' म्हणजे आत्ताच निघाली, भेटणार नाही. 'शी हॅज जस्ट बीन टु द बँक' म्हणजे आत्ताच जाऊन आली.

कोरी_पाटी

मग 'हॅव यू एव्हर गॉन ॲब्रॉड?' हेही बदलायला हवं?

अर्धविराम

हो, 'हॅव यू एव्हर बीन ॲब्रॉड?' ज्याला विचारताय तो समोर उभा आहे, म्हणजे परत आलेला आहे. आणि 'ॲब्रॉड'च्या आधी 'टु' लावू नका, ते स्वतःच क्रियाविशेषण आहे.